वाइनोचा हीटर

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता डार्सी केस्तीच्या घराच्या काचबंद व्हरांड्यात पेल्यातलं पाणी गोठलं होतं, आणि ही थंडी तिने मुद्दाम आत घेतली होती. खिडकी सताड उघडी, टेबलावरचा कॉम्प्युटर एका बाजूचं झाकण काढून खिडकीला अगदी चिकटवलेला, आणि डार्सी स्वतः कानटोपी, दोन स्वेटर आणि रस्ते खात्याचा नारिंगी कोट घालून समोर बसलेली. हातमोजे घातले तर माऊस धरता येत नव्हता आणि काढले तर बोटं सापडत नव्हती. एकूण काय, प्रोसेसर थंड राहावा म्हणून बाकी सगळ्यांनी गारठायचं ठरलं होतं.

"किती झालं?" तिचे वडील ऑन्नी यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. वय वर्षं ब्याऐंशी, हातात कॉफीचा कप.

"सहा टक्के."

"काल कुठे मेला होता?"

"बाबा, मेला काय म्हणता! सात टक्क्यांवर."

बोलणं संपायच्या आत पडदा निळा झाला. रडक्या चेहऱ्याचं ते चित्र आणि खाली दिलगिरीची ओळ. आठवडाभरात डार्सीने ती ओळ सव्वीस वेळा वाचली होती. कॉम्प्युटरने मागितलेल्या माफीवरचा तिचा विश्वास पार उडाला होता.

"मेला," ऑन्नी म्हणाले.

या मरण्यामागे चोपन्न वर्षांचं भांडण होतं. एकाहत्तर सालच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या लेक सुपीरियर सरोवराच्या गोठलेल्या खाडीवर गावाची घसरगाड्यांची शर्यत झाली. घसरगाडी म्हणजे लाकडी खुर्ची, तिच्याखाली दोन लांब पोलादी पट्ट्या. मागे उभं राहून एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने बर्फ रेटायचा. शेवटच्या टप्प्यात ऑन्नी केस्ती आणि वाइनो साल्मी दोघेच पुढे होते. नेमकं तेव्हाच हिमवादळ उठलं, दोघे एकमेकांवर आदळले आणि बर्फाच्या धुरळ्यात दिसेनासे झाले. धुरळा बसला तेव्हा वाइनो आधी उठून उभा राहिला, म्हणून पाद्रीबुवांनी त्यालाच विजयी ठरवलं. ऑन्नींच्या मते उठून उभं राहणं आणि जिंकणं यांचा काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून दोघे रोज सकाळी दहा वाजता एका टेबलावर कॉफी पीत आणि रोज त्याच विषयावर भांडत. बायका गेल्या, दोघांचे गुडघे गेले, तांब्याची शेवटची खाण बंद पडली, पण हे भांडण जसंच्या तसं टिकलं.

गेल्या शरदात चर्चच्या स्वयंपाकघरातल्या कपाटामागे एक फिल्मची रीळ सापडली. गावच्या मास्तरांनी त्या दिवशी शर्यत टिपली होती! अठरा मिनिटं. पण नुसती लावून पाहिली तर वादळ, ओरखडे आणि थरथरता कॅमेरा, त्यात माणूस कुठला आणि गाडी कुठली कळेना. डार्सीचा कॉम्प्युटर एकेक चित्र घेऊन ते स्वच्छ करू शकत होता, थरथर काढू शकत होता, वेग मंदावू शकत होता. काम अकरा तासांचं. आणि वाइनोची अट अशी की रीळ अखंड हवी, मध्ये कुठे जोड दिसला तर तो म्हणणार, कापाकापी केली. म्हणजे तुकड्या-तुकड्याने करायची सोय नव्हती.

घाई यासाठी होती की वाइनो रविवारी सकाळच्या विमानाने ॲरिझोनाला चालला होता. मुलाकडे, कायमचा. शनिवारी दुपारी दोन वाजता गावच्या सभागृहात त्याच्या निरोपाची कॉफी होती, आणि तिथेच ही फिल्म दाखवायची होती.

ऑन्नींनी आयुष्यात मुलीकडे काही मागितलं नव्हतं. गेल्या रविवारी त्यांनी मागितलं. "तो जायच्या आत मला कळायला हवं," एवढंच म्हणाले आणि उगीचच चुलीतली राख काढायला लागले. डार्सीला तेव्हा हसू आलं होतं, पण ती लगेच कॉम्प्युटर चालू करायला उठली होती.

आता तिने काय काय केलं नव्हतं! मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुसून नवा टाकला. वायरी बदलल्या. तीन आठवड्यांपूर्वी मदरबोर्डचं फर्मवेअरसुद्धा नवं केलं, म्हणजे कॉम्प्युटर जागा होताना सगळ्यात आधी जी सूचनावही वाचतो तीच बदलली, कारण या जातीचे प्रोसेसर गडबडतात आणि नव्या फर्मवेअरमध्ये त्यावर इलाज आहे असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. फर्मवेअर बदललं की सगळी सेटिंग्ज कोरी होतात. ती तशी झाल्याबरोबर डार्सीने आपलं जतन केलेलं सेटिंगचं पान परत चढवलं. त्या पानाचं नाव तिने ठेवलं होतं 'पाक्कानेन', आजीच्या फिनिश बोलीत कडाक्याची थंडी. दीड वर्ष खपून बनवलेलं पान ते. प्रोसेसरला किती व्होल्टेज, किती धाव, कुठे किती मोकळीक, सगळं तिच्या हातचं. आपल्या हातची भाजी खारट झाली हे जितक्या उशिरा कळतं तितक्याच उशिरा तिला काही गोष्टी कळायच्या होत्या.

फर्मवेअरनेही भागेना तेव्हा उरली थंडी. तिच्या गटातली मंडळी, म्हणजे देशभर विखुरलेले कॉम्प्युटर जुळवणारे हौशी लोक, एका सुरात म्हणाले, "थंड कर." या गटाचा एक नियम होता. चोवीस तास पूर्ण चालल्याशिवाय 'आता स्थिर आहे' असं जो लिहील, त्याने आठवडाभर आपल्या फोटोच्या जागी बटाटा लावायचा. डार्सी आतापर्यंत तीनदा बटाटा झाली होती.

पावणेदहाला तिने काम पुन्हा सुरू केलं. तिला रस्ते खात्याच्या ऑफिसला जायचं होतं, रात्रभरात पडलेल्या बर्फापायी तिकडे फोन खणखणत होते. तेवढ्यात वाइनो आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, वाशासारखा सरळ, काखेत वेलदोड्याचा पाव.

"मी इथेच बसणार," तो व्हरांड्यात खुर्ची ओढत म्हणाला. "पहारा. बाप-लेकीने संगनमत करून माझी गाडी मागे सरकवली तर?"

"काका, तिथे कुडकुडाल."

"मी खाणीत चौतीस वर्षं काढलीत, पोरी."

"खाणीत ऊब असते," ऑन्नी आतून ओरडले. "तिथे खाली बसून तू लोणी खात होतास!"

"बसा बापडे," डार्सी म्हणाली. "पण खिडकीला हात लावायचा नाही. कशालाच हात लावायचा नाही. दोघांनीही. याद राखा."

दोघा म्हाताऱ्यांनी इतक्या निरागसपणे माना डोलावल्या की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साडेतीनला ती परत आली तेव्हा व्हरांड्याच्या काचांवर घाम धरला होता. दार उघडताच उकाड्याची लाट तोंडावर आली. खिडकी बंद. सॉनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, कपडे बदलायच्या खोलीतला जुना विजेचा हीटर आणून थेट टेबलाखाली लावलेला, लालबुंद, आणि त्याचा झोत सरळ कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात. दोघे म्हातारे बनियनवर पत्ते खेळत बसले होते. पाव संपला होता. कॉम्प्युटरचे पंखे रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीसारखे घरघरत होते.

डार्सीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वाइनो काका!"

"माझे पाय गारठले होते," वाइनो म्हणाला. "हात नाही लावला कशाला. हीटर पायानेच ढकलला."

"आणि खिडकी?"

"ती याने."

"मी वाऱ्याने लोटली समजलो," ऑन्नी म्हणाले.

तिने हीटरची पिन उपटली. खिडकी उघडली. कोट काढून त्यानेच कॉम्प्युटरला वारा घालायला लागली. आठवडाभर जपून थंड ठेवलेला प्रोसेसर या दोघांनी भाजून काढला होता! तोंडाचा पट्टा चालूच होता आणि सहज तिची नजर पडद्यावर गेली.

एकावन्न टक्के.

तिने चष्मा पुसला. बावन्न.

"बाबा, हा मध्ये बंद पडला होता का?"

"छे. सकाळपासून तुरुतुरु चाललाय. आम्ही म्हटलं तू काहीतरी दुरुस्त करून गेलीस."

डार्सीला वाटलं, अरे वा! एवढ्या भट्टीत टिकला, मग आता गार हवेत तर काय सुसाट पळेल! तिने खिडकी आणखी उघडली. ऑन्नी पडद्यापुढे खुर्ची घेऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, बावन्नाचे त्रेपन्न होताना बघत. खाडीवरून बोचरा वारा आत आला. आठच मिनिटांत पडदा निळा झाला.

ऑन्नींनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग वाइनोकडे. त्यांचा चेहरा पाहून डार्सीला आपणच रडावंसं वाटलं.

"मी फक्त पाय शेकत होतो," वाइनो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच अपराधी सूर होता.

आणि ते वाक्य डार्सीच्या डोक्यात घंटेसारखं वाजलं. तिने हीटर पुन्हा लावला, खिडकी बंद केली, काम सुरू केलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, बिनघोर. खिडकी उघडली, हीटर बंद. सहा मिनिटांत निळा पडदा. हीटर लावला, चालला. काढला, पडला. तिसऱ्या खेपेला वाइनो स्वतःच पिन धरून उभा होता आणि तिच्या इशाऱ्याची वाट बघत होता. पडदा निळा झाला तशी ती टाळ्या वाजवत नाचायलाच लागली.

"हिला झालं तरी काय?" वाइनोने विचारलं.

"आईवर गेलीय," ऑन्नी म्हणाले.

डार्सीने गटातल्या क्लोव्हिस थिबोडोला व्हिडिओ कॉल लावला. हा लुइझियानाचा गडी, कॉम्प्युटर अगदी तिच्यासारखाच, तोच प्रोसेसर, तोच मदरबोर्ड, फक्त घरात जागा नसल्याने त्याने तो स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवला होता. फोन उचलला तेव्हा तो गंबोच्या, म्हणजे तिकडच्या मसालेदार रश्शाच्या, पातेल्यात पळी फिरवत होता आणि घामाने निथळत होता.

"डार्सी! तू घरात कानटोपी घालून का बसलीस?"

"ते सोड. तुझा कधी बंद पडतो का?"

"कधीच नाही. का गं?"

तिने सगळं सांगितलं. हीटर, पाय, बनियन. क्लोव्हिसची पळी हवेतच थांबली.

"थांब थांब. थंड झाला की पडतो? अगं, त्याला चेव येतोय! तापमान कमी दिसलं की हा प्रोसेसर समजतो, आज रान मोकळं आहे, आणि सगळ्यात वरच्या धावेवर उडी मारतो. तिथे त्याला झेपत नाही आणि तोंडावर आपटतो. गरम असला की बिचारा मुकाट चालतो. पण याचा इलाज तर नव्या फर्मवेअरमध्ये केलाय की. तू टाकलं नाहीस?"

"टाकलं. तीन आठवडे झाले."

"आणि मग?"

"मग काय? मग माझं नेहमीचं पान चढवलं."

पलीकडे नुसता गंबो रटरटत होता.

"डार्सी," क्लोव्हिस फार मायेने म्हणाला, "ते पान जुन्या फर्मवेअरच्या वेळचं ना?"

डार्सीने कपाळावर हात मारून घेतला. कंपनीने नवी वही दिली, त्यात नीट लिहून दिलं की बाबा रे, इतक्याच वर जा, आणि तिने त्याच वहीवर स्वतःच्या हाताने जुना धडा गिरवून ठेवला. मोकळ्या रानाची सगळी फाटकं तिनेच उघडली होती. वर खिडकी उघडून त्याला चेतवलंही होतं.

"तू कुठलं पान चढवलंस?" तिने विचारलं.

"मी? मी नवं फर्मवेअर टाकलं आणि कशाला हात लावला नाही. आळशी माणूस मी." आणि तो असा काही हसत सुटला की पातेलं उतू गेलं. शिव्या घालत शेगडीकडे पळता पळता त्याने आणखी एक सांगितलं, परवाच आणखी नवं फर्मवेअर आलंय, तेच टाक, आणि देवाकडे प्रार्थना कर की इतके दिवस जास्त व्होल्टेज खाऊन चिप आतून खराब झाली नसेल, कारण झाली असेल तर कुठलंही फर्मवेअर तिला बरं करणार नाही.

ही शेवटची गोष्ट डार्सीने म्हाताऱ्यांना सांगितली नाही.

हीटर लावून काम रेटता आलं असतं, पण त्या व्होल्टेजवर चिपला आणखी अकरा तास राबवायची तिची छाती नव्हती, म्हणून तिने पेन ड्राइव्हवर नवं फर्मवेअर उतरवलं. आता ते चढत असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा गेला, हे मात्र तिला सांगावं लागलं. वाइनो ताबडतोब भिंतीवरच्या पिनेपाशी जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"कुणी जवळ यायचं नाही."

"तूच अडखळशील," ऑन्नी म्हणाले.

"मी चोपन्न वर्षांपूर्वी नाही अडखळलो."

"तेव्हा माझ्या गाडीत पाय कुणी घातला?"

"गप्प बसा दोघेही!" डार्सी म्हणाली. पट्टी सरकत होती. वीस, चाळीस. बाहेर तारांवरचा बर्फ धप्पकन पडला आणि दिवा एकदा लुकलुकला. ऑन्नींनी वाइनोचा दंड पकडला होता आणि हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सत्तर. नव्वद. शंभर. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, लांबलचक मिनिटभर काळा पडदा, आणि मग सुरू झाला. डार्सीचा जीव भांड्यात पडला.

सेटिंग्ज सगळी कोरी, कंपनीने दिलेली. वर कोपऱ्यात तिचं 'पाक्कानेन' दिसत होतं, 'परत चढवू का?' म्हणून विचारत. हात सवयीने तिकडे गेलाच. तिने तो दुसऱ्या हाताने मागे ओढला, आणि दीड वर्षाची मेहनत एका क्लिकमध्ये पुसून टाकली. वाइनोने कारण नसताना टाळी वाजवली.

पाच वाजून वीस मिनिटांनी काम सुरू झालं. तिने खिडकी उघडली. बोचरा वारा आत घुसला. आठ टक्के. वीस टक्के. चाळीस. प्रोसेसर शहाण्या मुलासारखा आपल्या धावेने चालत राहिला. दोन्ही म्हातारे आता सगळे कोट चढवून बसले होते आणि खिडकी बंद करायची का असं विचारायचीही त्यांची हिंमत होत नव्हती. डार्सी गटात 'स्थिर आहे' लिहायला गेली, बटाटा आठवला आणि फोन खिशात ठेवला.

सकाळी ती व्हरांड्यात आली तेव्हा पडद्यावर शंभर टक्के होते. खिडकी बंद होती. वाइनो खुर्चीत घोरत होता आणि ऑन्नींचं पांघरूण त्याच्या अंगावर होतं.

"तुम्ही पाहिलंत का, बाबा?"

"नाही," ऑन्नी म्हणाले. "दोन वाजता. त्याच्यासोबत."

सभागृहात दोन वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मालवले आणि एकाहत्तर साल लख्ख उजेडात समोर आलं. लोक मेलेल्या माणसांना नावाने हाका मारायला लागले. कुणाची आई, कुणाचा कुत्रा, कुणाचे अख्खे केस. अठरा मिनिटांतली सतरा मिनिटं असा दंगा, आणि मग एकदम सामसूम. दोन गाड्या वादळातून येत होत्या. डार्सीने वेग पार मंद करून ठेवला होता. शर्यत जिथे संपायची ती दोरी दोन खांबांमध्ये ताणलेली स्पष्ट दिसत होती. गाड्या आदळल्या, धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्याचा कणन् कण कॉम्प्युटरने बाजूला केला.

दोघे पडले होते. दोरीच्या अलीकडे. चांगले सहा फूट अलीकडे. वाइनो उठून उभा राहिला तो तिथेच, एक पाऊलही पुढे नाही. दोरीपलीकडे गेली ती फक्त एक लोकरी टोपी, घरंगळत, अगदी आरामात.

सभागृहात एकच हशा पिकला. माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली.

"टोपी माझी आहे!" वाइनो उठून ओरडला. "मी जिंकलो!"

"तिच्यात तुझं डोकं नव्हतं," ऑन्नी ओरडले. "तेव्हाही नव्हतं!"

"शर्यत झालीच नाही म्हणजे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच पाय आपटायला लागले. आत्ता करा! आत्ता पुरी करा! खाडी तर समोरच आहे! ऑन्नी उठले सुद्धा. ब्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्च्यांना धक्के देत कोटाच्या खुंटीकडे निघाला होता, गाल लाल, डोळ्यांत पाणी, हसत. डार्सीने त्यांना असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना.

वाइनो मात्र पुन्हा खाली बसला.

"नाही," तो म्हणाला.

"घाबरलास?"

"बूट सामानात बांधलेत. आज नाही. पुढच्या मार्चला."

आवाज विरत गेला. ऑन्नी कोटाच्या एका बाहीत हात घालून तसेच उभे राहिले.

"तू तर कायमचा चाललायस," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं.

"चाललो होतो," वाइनो म्हणाला. "पण शर्यत अर्धी टाकून कायमचं कोण जातं? सहा फूट राहिलेत. मी येईपर्यंत तू एकट्याने ओलांडायचे नाहीस."

ऑन्नींनी चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा लावला. सगळं गाव बघत होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

"मग येण्याचं तिकीट आजच काढ," ते म्हणाले. "आणि एकाच बाजूचं काढ."